या जेवाले

२८ ऑक्टोबर

आजपासून मी लाखनीची. नाकाडोंगरीवरून तुमसर, तुमसरवरून भंडारा, मंग इकडं. पेटी एवढी जड की कंडक्टर कावला. इचारते, आजी, काय भरलं जी पेटीत? मी म्हनली, नवरा. पोट्टं लाखनी येईपर्यंत पेटीकडं तिरप्या डोळ्यानं पाहात होतं. उतरताना त्याले सांगितलं की आजी असन तुयी माय, माया पोरीले आत्ता कुठं सातवा महिना लागला.

ही वही त्याच पोरीनं, गुड्डीनं, देली. म्हने, माय, तू दिवसभर बोलतं, आता ऐकाले बाबा नाईत, तर वहीले सांगत जाय. बरं बाई, सांगते. सातवी पास आहे मी, अक्षर गोल आहे.

सुलोचनाबाईची खानावळ हायवेच्या कडेलेच आहे. मी सैपाक करनार, मागची खोली राहाले देली. बाई कडक आहे, पन साफ. तांब्या घासला की उन्हात धरून पाह्यते. ट्रकवाले लय येतेत. जेवतेत चांगलं, पन जेवून उठले की खर्रा तोंडात अन् पिचकारी भितीवर. पयल्याच दिवशी घिन आली मले. मी कोळसा घेतला अन् भितीवर लिवलं, इथं सासरा झोपला आहे, थुकू नये. सुलोचनाबाई हासली नाई, पन पुसलंही नाई. संध्याकाळपर्यंत एकही पिचकारी नाई.

खोलीच्या मागं मोरी आहे. ताटं तिथंच धुतेत. भाताची शितं सडून पांढऱ्या अळ्या वळवळ करतेत. उद्या चुना टाकीन. बाकी खोली झकास. गुड्डीचं पयलं बाळंतपन इथंच करीन म्हनते. आंधळगाववरून तिले डिसेंबरात आनीन. खिडकीले परदा लागन, पाळन्याले कडी लागन. सगळं होते.

३० ऑक्टोबर

बाजूले कैलाशचं रिचार्जचं दुकान आहे. लग्नाचं वय टळून चाललेला पोरगा, पन पिच्चरशिवाय दुसरं बोलत नाई. मी पन पिच्चरपायी वेडी. गावात मंडईच्या जत्रेले पडद्यावर पिच्चर लागे तवा मी सासूले मळमळ होते सांगून घरून निघे. कैलाश खुश झाला, त्यानं मले आपल्या ग्रुपमदी घातलं. नाव काय, तर 'ताट अन् पिच्चर'.

नियम असा. जेवाले बसलं की ताटाचा फोटो टाकाचा. जेवता जेवता कोन्ता पिच्चर लावला ते सांगाचं. आवडला तर दुसऱ्याले पाहा म्हनाचं, नाई आवडला तर शिव्या घालाच्या. कोनी कोनाचं तोंड पाह्यलं नाई, पन जेवतेत सगळे संगच. मले लय पटलं. एकटीचं ताट मोठं वाटते.

एक मनाली आहे, भंडाऱ्याची मास्तरीन. तिले परदेशातलेच पिच्चर लागतेत. खालतं लिवून येते म्हने, वाचाचं. मी इचारलं, मॅडम, वाचाचं का भाकर तोडाची? एक परसराम आहे आंधळगावचा, धानाची शेती आहे. त्याले मारामारीच पायजे. हिरोनं एका खेपेले अख्खा गाव नाई झोडपला तर त्याले जेवन पचत नाई. त्याच्या फोटोत त्याचा अंगठा हमेशा वरनात बुडलेला. नखात काळं. मी लिवलं, परसरामभाऊ, वरनात कोन आंघोळ करून रायलं? सगळे दात काढून हासले. तो पन.

मले पिच्चरचं नाव कधी आठवत नाई. मी म्हनते तो नाई का, ज्याच्यात सासू भूत निघते अन् सून तिच्याच हातचं खाते. मंग सगळे अंदाज करत बसतेत. काल तर माया एका सवालावर भांडन जुंपलं.

अन् एक गंमत. फोटो आला की बाकीचे इचारतेत, जेवले का? अन् जेवनारा म्हनते, या जेवाले. येनार कोन? परसरामच्या घरी भाताच्या एका घासासाठी मी इथून जानार? पन म्हनाचं. आपल्याइकडं दारावरून वैरीही गेला तरी तोंडातून निघतेच, या जेवाले.

३ नोव्हेंबर

ग्रुपमदी दर रविवारी मत घेतेत. ज्या पिच्चरले जास्त मतं, तो सगळ्यायनं एकाच टायमाले लावाचा. मी भुताचा सांगितला. मले एकच मत पडलं, मायंच. मनालीची चार पोरी-पोट्टे हायेत पाठीमागं. मले राग आला. राग आला की मले सुचते.

पेटीत गुड्डीच्या बाबाचा फोन आहे. कवडू नाव त्यायचं. फोन मी कधी काढून टाकला नाई, अधूनमधून चार्ज करत जाय. कैलाशकडून त्याच्यात रिचार्ज मारला, सांगितलं भावाचा आहे. अन् तो नंबर घातला ग्रुपमदी. फोटो लावला मंडईतला, काळा चष्मा घालून कागदाच्या विमानात बसलेला.

मंग कवडूभाऊनं पयला मेसेज टाकला. म्हने, मी ललिताबाईचा नवरा. गावाकडं असतो. बायको म्हनन तोच पिच्चर.

दोन मतं झाली. वरून कवडूच्या नावानं मी मनालीले लिवलं की बाई, तुमच्या पिच्चरमदी मानसं एवढे हळू चालतेत, त्यायच्या पायात काटा गेला का? तीन मतं अजून पडली. माया भुताचा पिच्चर लागला! मी एकटीच खोलीत हासून हासून लोळली. बुढा जित्तेपनी माया एक शब्द ऐकत नव्हता, आता कसा ऐकते.

५ नोव्हेंबर

कवडूभाऊ माह्यापेक्षा जास्त चालून रायला ग्रुपमदी. परसरामची तर त्याच्याशी जोडी जमली. दोघं मिळून मनालीले चिडवतेत. म्हंजे मीच चिडवते, पन दोन तोंडानं.

आज लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते. मी माया ताटाचा फोटो टाकला. परसरामनं कवडूले इचारलं, भाऊ, जेवले का? मले लहर आली. मी बुढ्याच्या फोनवरून लिवलं, नाई जेवलो. बायकोनं ताट झाकून ठेवलं, वाढतच नाई. लय दिवसाचा भुकेला आहो.

सगळे हासले. परसरामनं लिवलं, या मंग भाऊ, आमच्याइथं या जेवाले!

मी हासत होती तवा सुलोचनाबाई कांदे न्याले आली. मी तिले दाखवलं, वाटलं हासन. तिनं वाचलं अन् कांद्याचं टोपलं खाली ठेवलं. इचारलं, तुया नवरा कसा गेला? मी सांगितलं जे सगळ्यायले सांगते. दोन पावसाळे झाले. बोडीचं पानी धानाच्या बांधीत घ्याले गेले, पाय सरकला. बोडी म्हंजे आमच्या शेताचं तळं, लहानच, पन गाळ लय. मी ताट झाकून ठेवलं होतं. आले नाई. सापडले तवा मासे अन् खेकडे आधी पोचले होते. मले तोंड दाखवलं नाई कोनी. एक हात दिसला, फुगलेला, बोटाचं कातडं मोज्यासारखं सुटलेलं. तवापासून मी मासा खात नाई.

सुलोचनाबाई म्हने, जेवल्याशिवाय गेलेल्या मानसाची भूक आपल्या तोंडानं सांगू नाई. अन् सांगितली तर त्याले कोनी या म्हनू नाई. तिच्या माहेरी तर श्राद्धाच्या दिवशी सोडून मेलेल्याचं नाव घेऊन ताटावर बसतच नाई. मी म्हनली, बाई, ते जित्ते होते तवा हाका मारून मारून घसा सुकला तरी टायमावर जेवाले आले नाई, आता काय येतेत!

तिनं टोपलं उचललं अन् गेली.

७ नोव्हेंबर

परसरामनं काल फोटो नाई टाकला. आज टाकला. भात काळपट, वर पान्याचा थर, अन् त्या पान्यावर तेलासारखं चमकते. मी लिवलं, अंगठा धुतलेलं पानी का भाऊ? तो हासला नाई. म्हने दोन दिवसापासून घरात काई शिजवलं की बोडीच्या गाळाचा वास येते. बायको ताटावर बसली की वकते. पिच्चर लावला तर जेवाच्या टायमाले घरात पचपच आवाज येते, कोनी ओल्या तोंडानं खाऊन रायल्यासारखा.

मनालीनं लिवलं, काका, हा पिच्चर कोन्ता? मले पन सांगा. ती मजाकच समजली.

तेवढ्यात कवडूचा मेसेज आला. एकच शब्द. जेवलो.

मी माया खोलीत होती. बुढ्याचा फोन पेटीत होता, बंद करून, रूमालात बांधून. मी पेटी उघडून पाह्यलं. बंदच.

कैलाशचं काम आहे हे. त्यानंच तर रिचार्ज मारला. पोराले माई चोरी समजली असन अन् तो माईच गंमत करून रायला. उद्या त्याचे कान धरते.

८ नोव्हेंबर

कैलाश आईची शपथ घेते. त्यानं फोन पाह्यला. म्हने मावशी, याची बॅटरी फुगली, टाकून द्या, फुटन. खरंच फुगला होता फोन. मागचं झाकन वर आलं, पोटासारखं. कैलाशनं बोट लावलं अन् बोटाले शेवाळ लागलं. त्यानं बोट हुंगलं अन् दुकानाच्या मागं जाऊन वकला.

सांगितलं त्याले सगळं. आधी हासला, मंग म्हने मावशी, तुमी पन ना.

९ नोव्हेंबर

आज कवडूनं पिच्चर सांगितला. ग्रुपमदी सगळ्यायनं वाचलं. मी जशाचा तसा उतरून ठेवते, नाई तर उद्या मलेच वाटन मी बनवलं.

म्हने, मी पाह्यलेला सगळ्यात चांगला पिच्चर. आवाज नाई. एकच जागा. हिरवा उजेड. हिरो हालत नाई. पयले लहान लहान येतेत, ओठ खातेत. मंग मोठे. सगळे पोटभर जेवतेत, हिरो तेवढा उपाशी. तुमी पन जेवता जेवता पाहा.

मनालीले लय आवडलं. इचारते, कोन्त्या देशाचा आहे काका, कुठं लागते? तिनं आपल्या शेवयाच्या ताटाचा फोटो टाकला, हात जोडले, अन् लिवलं, तोवर या जेवाले काका!

मी तिले तवाच फोन लावला. बाई, ते लिवलेलं मिटव. तिनं मिटवलं. पन म्हनून झालं होतं.

११ नोव्हेंबर

मनालीचा फोन आला. पोरगी रडत होती. शेवया चावताना एक शेवई दाताखाली हालली. थुकून पाह्यलं तर जळू. काळी, फुगलेली, तिच्या जिभेचं रक्त पिलेली. आता पानी पन प्यालं तर तोंडात गाळ येते म्हनते. ग्रुप सोडून गेली.

मी बुढ्याच्या फोनचं सिम काढलं, बत्त्यानं कुटलं, मोरीत टाकलं. फोनच्या चार्जरच्या भोकातून पानी निघालं. हिरवं, घट्ट, दोऱ्यासारखं लोंबत. त्याच्यात माशाचं खवलं होतं. मले एवढी घिन आली की हात राखेनं घासले, चुन्यानं घासले, कातडं सोललं. वास जात नाई.

कैलाशनं कवडूचा नंबर ग्रुपमधून काढला. मंग पन मेसेज आला. अजून भूक आहे.

१२ नोव्हेंबर

परसरामले दवाखान्यात नेलं. पोटात अन्न राहात नाई, नुसतं पानी वकते, अन् पान्यात शिंगाड्याच्या वेलाचे तुकडे. त्याच्या बायकोनं सांगितलं, आता घरात वास नाई. कवडू तिथून गेला. त्याचं तिथं झालं.

मंग कुठं गेला? आंधळगावातच तर गुड्डी —

नाई. नाई लिवत.

खानावळीतलं वरन आज दोन गिऱ्हाइकायनं परत केलं. मी चाखलं. चांगलंच होतं. पन मी चुलीवरच्या उकळत्या गंजात पाह्यलं तर मले वरनात बुढ्याची नखं दिसली. नव्हती. दाळच होती. मी सगळं मोरीत ओतलं.

सुलोचनाबाईनं गंज घासला. तिनं दुसरी दाळ टाकली.

१३ नोव्हेंबर

गुड्डीचा फोन. सकाळी, मी कनिक मळत होती.

म्हने, माय, बाबाच्या नंबरवरून मले मेसेज येऊन रायले. कोन चालवते तो फोन? पयला आला, गुड्डे, जेवली का? मंग आला, काय केलं? मंग आला, गुड्डे, लय भूक लागली.

ते फक्त बाबाच म्हनत गुड्डे.

मी हातातलं पीठ तसंच घेऊन ओरडली, तू काय लिवलं? म्हने काईच नाई. हे कामावर गेले होते, सासू शेतात, मले भेव लागलं. पन माय, दारातून वास येते गाळाचा. उंबरठ्यावर ओलं आहे. पुसलं की मंग ओलं.

मी तिले बजावून सांगितलं, काई लिवू नको. दारावर कोनीही येवो, तोंडातून ते दोन शब्द काढू नको. पोस्टमनले पन नाई, शेजारनीले पन नाई. ती रडून हासली. म्हने, माय, तूच तर शिकवलं. आता जिभेले कशी आवरू? सकाळी भाजीवाली आली अन् माया तोंडातून निघतच होतं.

पोरगी पोटुशी. तिच्या पोटात अन्न नाई रायलं तर लेकराचं काय? मले मनालीची जीभ आठवते. मले ती जळू आठवते अन् गुड्डीचं पोट.

सुलोचनाबाईच्या पायाशी बसली. पयल्यांदा मजाक नाई केला. तिनं सांगितलं. ज्या तोंडानं भूक सांगितली, त्याच तोंडानं बोलावाचं. त्याच हातानं वाढाचं. नवरा-बायको एका ताटात जेवाचं. एका दारी बसला की तो दुसऱ्या दारी जात नाई. त्याच्या तोंडाकडं पाहाचं नाई. तो पुरे म्हनेपर्यंत उठाचं नाई. उठली तर तो पन उठन.

मी इचारलं, अन् त्यानं पुरे नाईच म्हनलं तर?

सुलोचनाबाई ताटं धूत बसली.

१४ नोव्हेंबर, सकाळ

लग्न झालं तवा पन आमी एका ताटात जेवलो होतो. त्यायनं माया घास काढून खाल्ला होता. मी त्यायचा उष्टा चहा पिली, त्यायच्या खोकल्याची वाटी धुतली. कधी घिन नाई आली. आता भेव नाई वाटत एवढी घिन वाटते. आपल्याच मानसाची. ह्याचंच वाईट वाटते.

भात टाकला पायलीचा. लाखोळीची दाळ, वांग्याची भाजी, कढी, वडे. मासा नाई. मासा माया हातून होनार नाई, त्यायनं मागितला तरी.

गुड्डीचा मेसेज आला. वास आता सैपाकघरात आहे. दोन वेळा वकली. सासू घरी आली, तिले काई समजत नाई, ती म्हने कोनी पाव्हना आला का, बोलाव ना आत —

सासूच्या तोंडातून निघाचंच बाकी आहे.

आत्ताच करते. दिवसाढवळ्याच.

१४ नोव्हेंबर, दुपार

ताट वाढलं. मोठी परात घेतली. सुलोचनाबाई दाराबाहेर बसली. दार लावून घे म्हने.

मी म्हनली, अजी, या जेवाले.

लिवत काहून आहो? वर पाहाचं नाई म्हनून. डोळे कुठं तरी पायजेत. वहीत ठेवते. उजवा हात परातीत आहे, डाव्यानं लिवते. गोल नाई येत अक्षर.

—

दार नाई वाजलं. मोरीकडून आवाज आला. पचाक. मंग पचाक.

वास. बोडी आटते तवाचा वास, मेलेल्या माशायचा. तोंडाले पदर लावता येत नाई, हात ताटात पायजे.

गुड्डीचा मेसेज. माय, वास गेला. उंबरठा सुकला.

आला तो. इथं आला. बरं झालं.

—

समोर बसला. परातीच्या कडेले पानी गळून रायलं. भातात हिरवं उतरून रायलं.

त्याचा हात दिसते. वर पाहात नाई, पन हात ताटात आहे, हात दिसते. तोच. कातडं सुटलेलं. घास घेतला की कातडं भातात राहते.

मले पन खा लागते. एका ताटात म्हनलं होतं तिनं. खाल्लं. गिळलं. वर आलं, मंग गिळलं.

मी म्हनली, अजी, अजून एवढेच हळू खाता का? जित्तेपनी असेच. वाटलं हासतीन. दातायचा आवाज झाला. ओठ नाईत तर हासाले —

—

वडे गेले. कढी गेली. गंज पन रिकामा. सुलोचनाबाईले हाक मारली, तिनं दार उघडून दुसरा गंज आत ढकलला. तिनं पाह्यलं. वर पाह्यलं तिनं. तिचा वकाचा आवाज आला. दार लागलं.

—

इचारलं, झालं का पोट? फोन वाजला. मायाच फोन, त्यायचा मेसेज. नाई.

—

दुसरा गंज संपला.

इचारलं.

नाई.

तोंडात काई तरी हालते. थुकत नाई. पोरीसाठी गिळते. गेलं —

—

मेसेज. गुड्डीचा आहे. म्हने, दोन घास खाल्ले माय, राह्यले पोटात. पोर हाललं. तू जेवली का?

डाव्या हातानं लिवलं, हो.

जलमभर 'हो'च्या पुढं म्हनत आली, ये जेवाले. नाई लिवलं. लिवलं, येऊ नको.

—

परात कोरडी आहे. चाटून साफ केली त्यानं. सुलोचनाबाई आवाज देत नाई. तिसरा गंज नाई.

उठाचं नाई.

माया उजवा हात परातीत आहे. एकटाच आहे आता परातीत. काढत नाई. काढला तर उठल्यासारखंच —

थंड. बोटावर थंड. चाटते. वड्याचं तेल आहे ना बोटाले, तेच चाटत असन. लहान लेकरावानी चाटते. घिन — नाई, आता घिन पन —

अजी, हळू.

अजी, ते तेल नाई आता, ते मायं बो